बोटांना वळण, खिडक्यांना शिस्त

मैत्रिणींनो, धंदा असलेल्या घरातली कामाची वाटणी तुम्हाला वेगळी सांगायला नको. गल्ल्यावर यजमान बसतात, मालाची ने-आण मुलगा नाही तर दीर बघतात, आणि रात्री जेवणं आटोपून ओटा पुसून झाला की बिलांचा गठ्ठा तुमच्यापुढे येतो. सांगलीत गणपती पेठेतलं दुकान असो, मार्केट यार्डातली हळदीची अडत असो, नाही तर विश्रामबागेतला छोटा दवाखाना असो, हिशेब अखेर घरच्या बाईकडेच येऊन थांबतो. पूर्वी त्यासाठी लाल कापडाची चोपडी होती. आता कॉम्प्युटर आहे.

चोपडीचा एक गुण होता. ती एका वेळी एकच पान दाखवायची. कॉम्प्युटर मात्र दहा पानं एकावर एक रचून ठेवतो. टॅली उघडलेली, व्यापाऱ्यानं पाठवलेलं बिल उघडलेलं, जीएसटीचं पान उघडलेलं, मागे कुठेतरी बँक, आणि त्याच्याही मागे मुलीचा परीक्षेचा अर्ज. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कराचं विवरण भरावं लागतं. त्या दिवसांत तर विंडोंचं अगदी पेव फुटतं! मग मघाशी अर्धा भरलेला अर्ज सापडेनासा होतो. माऊसचा बाण इकडे फिरतो, तिकडे फिरतो, आणि छातीत धस्स होतं. तेवढ्यात मुलगा येतो, "सरक आई, तुला नाही जमायचं," म्हणतो, दोन बटणं दाबतो, अर्ज समोर आणतो आणि निघून जातो.

काम झालं खरं. पण खुर्ची तुमची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात, असं होऊन बसलं. मुलानं दाबलेली ती दोन बटणं कोणती, एवढंच आज आपल्याला शिकायचं आहे. त्यासाठी इंग्रजीची पदवी लागत नाही, क्लासची फी लागत नाही. लागतात ती आपलीच दहा बोटं.

हरवलेलं पान जातं कुठे?

आधी एक भीती काढून टाकू या. विंडो दिसेनाशी झाली म्हणजे ती गेली, असं नाही.

आपल्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही पाहिली नसली तरी ऐकून नक्की ठाऊक असतील. जमिनीखाली खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद भरून वरून तोंड बंद करत. वरून चालणाऱ्याला काही पत्ता लागायचा नाही, पण माल खाली जसाच्या तसा असायचा. कॉम्प्युटरवर एखादी विंडो उणे चिन्हावर टिचकी मारून खाली घालवली, किंवा तिच्यावर दुसरी येऊन बसली, म्हणजे ती अशीच पेवात गेलेली असते. हवी तेव्हा वर काढता येते.

मात्र पेवाचाच आणखी एक धडा आहे. २००५ सालच्या महापुरात याच पेवांत पाणी शिरलं आणि झाकलेला माल गेला. झाकलेलं म्हणजे सुरक्षित, असं नसतं. खाली घालवलेल्या विंडोतलं लिखाण जतन केलेलं नसेल आणि लाईट गेली, तर तेही वाहून जातं. म्हणून शिकायचं पहिलं बटण विंडो हलवण्याचं नाहीच. ते आहे कंट्रोल आणि एस. कंट्रोल दाबून धरायचं आणि एस दाबून सोडायचं, की लिहिलेलं जतन झालं. दुधाच्या पातेल्यावर जसं जाता-येता लक्ष असतं, तसं दर पाच-दहा मिनिटांनी हे दाबत जा. जीएसटीसारख्या इंटरनेटवरच्या अर्जाला मात्र हे चालत नाही. तिथे त्या पानावरचं 'सेव्ह'चं बटणच दाबावं लागतं. थोडा वेळ हात लावला नाही तर अशी पानं आपल्याला बाहेरही काढतात, हे लक्षात असू द्या.

खिडक्या आल्या कुठून?

विंडो म्हणजे खिडकी, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज' पहिल्यांदा बाजारात आलं ते १९८५ साली. तेव्हा या खिडक्या फरशीच्या लाद्यांसारख्या शेजारी शेजारीच बसायच्या, एकीवर दुसरी चढायची नाही. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या, आणि आपला गोंधळ तिथूनच सुरू झाला म्हणायचा. १९९५ साली तळाची पट्टी आली, उघडलेलं सगळं एका ओळीत दाखवणारी. आणि २००९ साली 'विंडोज ७' आलं तेव्हा एका बाणाच्या बटणानं विंडो पडद्याच्या अर्ध्या भागात बसवायची सोय झाली. म्हणजे चोवीस वर्षांनी लाद्या परत आल्या. फरक इतकाच, की त्या आता आपल्या इच्छेनं बसतात.

माऊसचीही एक गंमत ऐका. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला भर सभेत माऊस चालवून दाखवला. तेव्हा त्याच्या उजव्या हाताखाली माऊस होता, आणि डाव्या हाताखाली पाच बटणांची एक छोटी पट्टी होती. ज्यानं माऊस शोधला, त्यानंदेखील सगळं काम माऊसवर सोडलं नव्हतं! आपण मात्र डावा हात मांडीवर ठेवून बसतो.

टायपिंगच्या क्लासची पुण्याई

तुमच्यापैकी ज्या आज पन्नाशी-साठीच्या आहेत, त्यांनी बहुधा दहावी-बारावीच्या सुट्टीत टायपिंगचा क्लास केला असेल. गावोगावी ते क्लास होते. जिना चढतानाच खडखडाट ऐकू यायचा. ३० च्या परीक्षेत पास झाली की घरात पेढे, ४० झाली की "आता नोकरी लागेल हो" असं शेजारणी म्हणायच्या. गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ साली उत्पादन थांबवलं. यंत्र गेलं, पण बोटांची शिकवण गेली नाही. कीबोर्डवरची अक्षरं आजही त्याच जागी आहेत. लग्न होऊन सासरी आल्यावर ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाला गेलं असेल, तर आता ते आठवायची वेळ आहे.

त्या क्लासात शिकवलं काय होतं? बोटांकडे बघायचं नाही. नजर कागदावर, बोटं आपापल्या घरात. शॉर्टकटचंही तेच आहे. पाठ करायचं ते डोक्यानं नाही, हातानं. फोडणीच्या वेळी मोहरी कुठल्या वाटीत आहे, हे तुम्ही मिसळणाच्या डब्यात शोधत बसता का? हात आपोआप जातो.

टॅली वापरणारीला तर हे नवीन नाही. एका व्यापारी घराच्या गरजेतूनच टॅली जन्मली. गिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंकांना मनासारखं हिशेबाचं साधन मिळेना, म्हणून त्यांनी ते मुलाकडून, भरत गोएंकांकडून बनवून घेतलं. ही १९८६ सालची, बंगळूरची गोष्ट. तिथे एफ ५ म्हणजे दिलेले पैसे, एफ ६ म्हणजे आलेले, एफ ८ म्हणजे विक्री, एफ ९ म्हणजे खरेदी. मुरलेल्या टॅलीवालीला बघा, तिचा माऊस धूळ खात पडलेला असतो. मग टॅलीत जे जमतं, ते टॅलीच्या बाहेर का जमू नये?

आता प्रत्यक्ष कामाला लागू

कीबोर्डाच्या सगळ्यांत खालच्या ओळीत, डावीकडे, कंट्रोल आणि ऑल्ट यांच्या दरम्यान चार चौकटींचं चिन्ह असलेलं एक बटण आहे. ते विंडोजचं बटण. ते आणि त्याच्या शेजारचं ऑल्ट, ही आजची मुख्य दोन. नियम एकच: पहिलं बटण दाबून धरायचं, दुसरं टिचकीसारखं दाबून सोडायचं, मग पहिलं सोडायचं.

*ऑल्ट आणि टॅब.* मुलानं दाबली ती हीच. डाव्या अंगठ्यानं ऑल्ट धरा आणि मधल्या बोटानं टॅब एकदा दाबा. उघडलेल्या सगळ्या विंडोंची छोटी छोटी चित्रं समोर येतात. ऑल्ट न सोडता टॅब दाबत गेलात की चौकट एकेका चित्रावर सरकते. हव्या त्या चित्रावर आली की ऑल्ट सोडा. झालं! बिल बघायचं, टॅलीत आकडा टाकायचा, पुन्हा बिल, पुन्हा टॅली, असं दोघींत ये-जा करायची असेल तर एकदाच ऑल्ट-टॅब पुरतं, कारण ते नेहमी आधीच्या विंडोकडे परत नेतं.

*विंडोजचं बटण आणि डावा-उजवा बाण.* ताळा करायला बसलात की हे हवंच. बिलाच्या विंडोत असताना विंडोज धरून डावा बाण दाबा. बिल पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जाऊन बसतं, आणि उरलेल्या विंडो उजवीकडे लहान होऊन उभ्या राहतात. त्यांतली हवी ती बाणानं निवडून एंटर दाबा. डावीकडे बिल, उजवीकडे खतावणी! एकीकडे बघून दुसरीकडे लिहायचं, मधे काही लक्षात ठेवायला नको. आकड्यांची उलटापालट होते ती बहुतेक वेळा पान बदलताना. काम आटोपलं की विंडोज धरून वरचा बाण दोनदा दाबला म्हणजे विंडो पुन्हा पूर्ण पडद्यावर पसरते.

*विंडोजचं बटण आणि डी.* सगळ्या विंडो एका दमात खाली जातात आणि मोकळा पडदा दिसतो. पुन्हा तेच दाबलं की सगळं होतं तसं वर येतं. बँकेचं पान उघडं आहे आणि अचानक पाहुणे खोलीत आले, तर हे फार उपयोगी.

*विंडोजचं बटण आणि एल.* गॅसवर काही ठेवलंय म्हणून उठायचं असेल तर हे. कॉम्प्युटरला कुलूप लागतं, पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नाही, आणि आतलं काम जिथल्या तिथे राहतं. दार ओढून घेतल्याशिवाय आपण भाजी आणायला जात नाही, तसंच हे. मात्र कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवलेला नसेल, तर हे कुलूप नावापुरतंच.

*कंट्रोल, शिफ्ट आणि टी.* इंटरनेटवरचं एखादं पान चुकून बंद झालं तर पहिली दोन धरून टी दाबा. ते पान परत येतं. भरलेले आकडे प्रत्येक वेळी येतीलच असं नाही, पण पान शोधायची पायपीट वाचते.

*विंडोजचं बटण आणि स्पेस.* कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड बसवलेला असेल तर इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जायला हे. ग्राहकाचं नाव मराठीत, पॅन नंबर इंग्रजीत, अशा अर्जांना याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

*ऑल्ट आणि एफ ४.* समोरची विंडो बंद करायला. हे मात्र जपून वापरा. बरेचसे प्रोग्रॅम "जतन करू का?" असं विचारतात, पण वेबसाइटवर अर्धा भरलेला अर्ज विचारेलच असं नाही. काही लॅपटॉपवर एफच्या बटणांसाठी शेजारचं एफ-एन बटणही सोबत धरावं लागतं.

ही बटणं 'विंडोज १०' आणि 'विंडोज ११' दोन्हींत चालतात. घरात अजून १० असेल, तर एक आठवण करून देते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची सुरक्षेची देखभाल थांबवली आहे. बँकेचे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर होत असतील तर ११ चढवता येतं का, हे माहीतगाराकडून एकदा बघून घ्या.

कुणी सांगितलं म्हणून दाबू नका

आता जरा गंभीर गोष्ट. बटणं शिकायची ती केवळ वेळ वाचावा म्हणून नाही. ज्या बाईला घराची सगळी दारं ठाऊक असतात, तिला चोर मागच्या दारानं फसवू शकत नाही.

कधी कधी इंटरनेटवर काही बघताना पूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, ताबडतोब या नंबरवर फोन करा," असा इशारा येतो. माऊस हलवला तरी काही बंद होत नाही. हा इशारा खोटा असतो. घाबरवून फोन करायला लावायचं, मग मदतीच्या नावाखाली कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचा, असा तो डाव असतो. फोन करू नका. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ ४. तेवढ्यानं नाही गेलं, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. चालू कामांची यादी येते. त्यात इंटरनेटचा प्रोग्रॅम, म्हणजे क्रोम किंवा जे असेल ते, निवडून 'एंड टास्क' करा. पुन्हा उघडताना "आधीची पानं परत आणू का?" असं विचारलं तर नको म्हणा.

दुसरा डाव तर शॉर्टकटचाच आहे. २०२४ पासून तो जगभर पसरला आहे. एखादं पान म्हणतं, "तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा," आणि त्यासाठी तीन पायऱ्या सांगतं. विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. वरवर किती साधं वाटतं! पण विंडोज-आर म्हणजे कॉम्प्युटरला थेट हुकूम देण्याची चौकट उघडणं. कंट्रोल-व्ही म्हणजे, त्या पानानं आपल्या नकळत आधीच उचलून ठेवलेला हुकूम तिथे चिकटवणं. आणि एंटर म्हणजे तो बजावणं. आपल्याच हातानं चोराला दार उघडून दिल्यासारखं होतं. खरी वेबसाइट असं कधीच करायला सांगत नाही. वाहनांची नाही तर झेब्रा क्रॉसिंगची चित्रं निवडायला सांगितली तर निवडा, पण विंडोज-आर म्हटलं की पान बंद करा.

बघा, इथे फरक कुठे पडतो. बटणाचा अर्थ जिला ठाऊक नाही, ती सांगितलेलं निमूट करते. जिला ठाऊक आहे, ती थांबते. इतकं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरातलं कुणी रागावेल म्हणून लपवू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आठवड्याला एक

आता तुम्ही म्हणाल, "एवढं सगळं लक्षात कसं राहायचं?" एकदम ठेवूच नका. नवी सून आली की पहिल्याच दिवशी तिच्यावर पुरणपोळीचा घाट घालतात का? पहिल्या आठवड्यात फक्त कंट्रोल-एस. दुसऱ्या आठवड्यात ऑल्ट-टॅब, आणि त्या आठवड्यात विंडो बदलायला माऊस वापरायचाच नाही, असा नेम करा. माऊस मुद्दाम हाताला येणार नाही असा लांब ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होईल, माऊसनं लवकर झालं असतं असं वाटेल. चौथ्या दिवशी हात आपणहून जाईल. मग बाणांची बटणं, मग डी, मग एल.

सराव करायचा तो २० तारखेच्या रात्री नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, घाई नसताना, दोन रिकाम्या विंडो उघडून करा. आणि मुलाला जवळ बसवा, पण त्याचे हात त्याच्या खिशात राहू देत! "तू सांग, मी दाबते," असं म्हणा. त्यानं दाबून दाखवलेलं डोळे विसरतात, आपण दाबलेलं बोटं विसरत नाहीत.

कापून कीबोर्डाशेजारी चिकटवा

कंट्रोल + एस : लिहिलेलं जतन
ऑल्ट + टॅब : एका विंडोतून दुसरीत
विंडोज + डावा / उजवा बाण : दोन विंडो शेजारी शेजारी
विंडोज + वरचा बाण : विंडो पूर्ण पडद्यावर
विंडोज + डी : सगळं खाली, पुन्हा दाबलं की वर
विंडोज + एल : कुलूप
कंट्रोल + शिफ्ट + टी : चुकून बंद झालेलं पान परत
विंडोज + स्पेस : मराठी–इंग्रजी
ऑल्ट + एफ ४ : समोरची विंडो बंद, जपून
कंट्रोल + शिफ्ट + एस्केप : पडदा अडकला तर
विंडोज + आर : कुणी परक्यानं सांगितलं तर कधीच नाही

महिना-दोन महिन्यांनी हा कागद चुरगळेल, त्यावर हळदीचं बोट उमटेल, आणि एक दिवस तुमच्या ध्यानात येईल की गेल्या आठवड्यात आपण त्याच्याकडे बघितलंच नाही. तेव्हा तो काढून ठेवा आणि शेजारच्या वहिनींना द्या. त्यांच्याकडेही २० तारीख येतेच!